नव्वद माणसं, एक घाट आणि साहेबांचं टाइमटेबल

पत्र:
ताई, आमच्या ऑफिसची वर्षाची मोठी मीटिंग यंदा डोंगरावरच्या एका थंड हवेच्या गावात करायचं ठरलंय आणि सगळं माझ्या गळ्यात पडलंय. ९० माणसं, दोन रात्री, गाव साधारण २१०० मीटरवर, खालच्या स्टेशनपासून घाटाने साडेतीन तास. साहेबांना पहिल्या दिवशी दुपारी २ ला पहिलं सेशन हवंय आणि शेवटच्या दिवशी ४ पर्यंत काम, मग खाली उतरून रात्रीची ट्रेन. सीझन नुकताच संपलेला असेल म्हणून एका हॉटेलने रेट चांगला दिलाय पण त्यांचं ॲग्रीमेंट ११ पानांचं आहे, अर्धं डोक्यावरून गेलं. संध्याकाळी लॉनवर जेवण आणि म्युझिक ठेवायचंय. चार-पाच जण साठीच्या पुढचे आहेत, एकांची बायपास झालीये. आणि परवा साहेब म्हणाले की घरच्यांनाही आणू द्या सगळ्यांना. कुठून सुरू करू?
– घाटात अडकलेली

अगं घाटात अडकलेली,

सगळ्यात आधी ते टाइमटेबल बाजूला ठेव. हॉटेल, मेनू, म्युझिक हे सगळं नंतर, आधी रस्ता. डोंगरावरच्या कार्यक्रमात पहिला अर्धा दिवस आणि शेवटचा अर्धा दिवस आपला नसतोच, तो रस्त्याचा असतो, आणि हे साहेबांना आत्ता पटवलं नाहीस तर तिथे नव्वद लोकांसमोर पटवायची वेळ येईल.

हिशोब करून बघ. साहेबांच्या डोक्यात पहिल्या दिवसाचे ५ तास, दुसऱ्याचे जेवण वजा करून ८, तिसऱ्याचे ६, म्हणजे १९ तास काम. आता खरं काय होतं ते सांगते. स्टेशनवर नव्वद जण एका वेळेला कधीच जमत नाहीत, कुणाची गाडी लेट, कुणाची बॅग सापडत नाही, मग घाटात दोनदा थांबायचं कारण कुणालातरी मळमळतंय, साडेतीनचे पाच तास सहज होतात, आणि वर पोचल्यावर खोल्या तयार नाहीत म्हणून लॉबीत बॅगांचा ढीग. या अवस्थेतल्या माणसाला २ वाजता वार्षिक आकडेवारी दाखवायची म्हणजे त्या आकड्यांचाच अपमान आहे. तर पहिल्या दिवशी सेशन नाही. चहा, खोलीची किल्ली, तासभर आराम, मग संध्याकाळी एक हलकी एकत्र बैठक जिच्यात ओळखी आणि उद्याचं काय ते सांगायचं, लवकर जेवण, झोप. तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर फार तर तासभर, तोही निर्णयाचा नाही, कारण तेव्हा निम्मे लोक मनाने बॅग भरत असतात. ११ ला गाड्या सुटल्या पाहिजेत. ४ ला निघालात तर घाट अंधारात उतरावा लागेल, आणि डोंगरात अंधार कॅलेंडरमधल्या सूर्यास्ताच्या बराच आधी पडतो कारण सूर्य समोरच्या कड्यामागे जातो. वर धुकं उतरलं तर विचारूच नकोस.

म्हणजे हातात राहिले दुसऱ्या दिवसाचे ८ आणि इकडचे तिकडचे दोन, असे १० तास. १९ तासांचं काम १० तासांत कोंबायला जाऊ नकोस, काम कमी कर. साहेबांना विचार की समोरासमोर बसल्याशिवाय सुटणारच नाहीत असे तीन प्रश्न कुठले. ते तीन वर न्यायचे, बाकीचं सगळं ईमेलने आधी वाटून टाक. आणि सगळंच महत्त्वाचं आहे असं उत्तर आलं तर मी स्पष्ट सांगते, मग वर जाऊच नका, स्टेशनजवळच्या एखाद्या हॉलमध्ये करा, दोन्ही बाजूचा प्रवास वाचेल. बंद खोलीत पडदे लावून स्लाइड्स बघायला कुणी डोंगर चढू नये.

(साहेब इतिहासवाले असतील तर ते ब्रेटन वुड्सचं उदाहरण देतील, जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या डोंगरातल्या एका हॉटेलात ४४ देशांचे सातशेहून जास्त प्रतिनिधी जमले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथे ठरली वगैरे. खरंय. पण ते तीन आठवडे राहिले होते, दोन रात्री नाही.)

आता गाड्यांचं. मोठ्या लांब बस स्वस्त पडतात म्हणून ट्रॅव्हलवाला त्याच गळ्यात मारेल, पण बऱ्याच घाटांत एका लांबीच्या वर गाडी सोडत नाहीत किंवा ती वळणावर अडकते आणि मागेपुढे घ्यावी लागते. वीस-पंचवीस सीटच्या चार-पाच गाड्या घे. त्यात एक फायदा असा की एक गाडी बंद पडली तरी बाकीच्यांचा दिवस जात नाही, आणि ज्यांची ट्रेन आधी येते त्यांना पुढे पाठवता येतं. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटा दे, मोबाइलमध्ये तोंड घालू नका, लांब बाहेर बघा असं आधीच मेसेजमध्ये लिही, आणि गोळी घ्यायचीच असेल तर निघायच्या अर्धा-एक तास आधी, घाट सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही. त्या गोळ्यांनी झोप येते, हे अजून एक कारण दोनच्या सेशनच्या विरोधात.

आणि ड्रायव्हर. हे कुणाच्याच यादीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. नव्वद माणसांच्या खोल्या बुक होतात आणि चार-पाच ड्रायव्हर कुठे झोपणार ते कुणी विचारत नाही. मी एका ठिकाणी पहाटे बाहेर आले तर बसच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या, दोन ड्रायव्हर सीटवर आडवे, अंगावर पडदे काढून घेतलेले, आणि तीच माणसं चार तासांनी आम्हाला घाटातून खाली नेणार होती. उतरताना खालच्या गिअरमध्ये ब्रेक सांभाळत गाडी आणायची असते, जागरण झालेल्या माणसाचं ते काम नाही. त्यांच्यासाठी खोली, पांघरूण, गरम जेवण हे हॉटेलच्या कागदावर लिहून घे. आणि त्यातली एक गाडी आणि एक ड्रायव्हर रात्री मोकळा ठेवायचा, कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर. त्या एकाने त्या रात्री गाडी भरून माणसं फिरवायला न्यायची नाहीत, हेही लिहायचं, नाहीतर नेतात.

दवाखाना निघालाच आहे तर उंचीचं सांगते. २१०० मीटरला घाबरायचं कारण नाही, उंचीचा खरा त्रास साधारण २५०० च्या वर सुरू होतो. पण हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने विरळ असते, त्यामुळे दोन जिने चढून दम लागणं, पहिल्या रात्री झोप नीट न लागणं, डोकं जड होणं हे धडधाकट लोकांनाही होतं. पहिल्या संध्याकाळी दारू ठेवू नका, पाणी भरपूर ठेवा. बायपासवाल्यांनी मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच यायचं, तू किंवा साहेबांनी 'काही होत नाही हो' म्हणायचं नाही. साठीच्या पुढच्यांना आणि ज्यांना दमा वगैरे आहे त्यांनाही तेच सांग, पण सगळ्यांच्या ग्रुपवर नको, एकेकाला फोन करून. लोक ग्रुपवर आजार सांगत नाहीत आणि सांगायलाही लागू नये. सगळ्यात जवळचं, रात्री डॉक्टर असतोच असं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते हॉटेलवाल्याला विचारू नकोस, तो 'इथेच आहे' म्हणेल. स्वतः गाडीने जाऊन बघ.

जाऊन बघ वरून आठवलं, साइट व्हिजिट केल्याशिवाय एक पैसा ॲडव्हान्स देऊ नकोस. आणि दुपारी जाऊन, जेवून, फोटो काढून परत, अशी व्हिजिट नको. एक रात्र राहा. रात्री ९ वाजता सगळ्यात लांबच्या खोलीपासून हॉलपर्यंत चालत जा. डोंगरावरची हॉटेलं उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली असतात, ब्रोशरमध्ये ते 'कॉटेजेस' म्हणून छान दिसतं, प्रत्यक्षात रिसेप्शनपासून खोलीपर्यंत साठ-सत्तर पायऱ्या आणि मधला दिवा गेलेला. साठीच्या पुढच्यांना कुठल्या खोल्या ते त्याच रात्री नंबरासकट ठरवून टाक आणि कागदावर घे.

हॉलमध्ये गेलीस की आधी खांब मोज. मग ते समजा १२० ची कपॅसिटी म्हणाले तर विचार की ती नुसत्या खुर्च्या ओळीने लावून की गोल टेबलं टाकून, कारण टेबलं टाकली की तीच जागा निम्म्यावर येते आणि तुझे नव्वद बसत नाहीत. दरीकडे काचेची भिंत असेल तर दिसायला सुंदर आहे पण सकाळी उन्हात प्रोजेक्टरवर काहीही दिसणार नाही, जाड पडदे आहेत का बघ. वीज घालवायला सांग. हो, खरंच मेन स्विच बंद करायला सांग, जनरेटर किती सेकंदांत येतो आणि तो हॉलला आहे की फक्त पॅसेजच्या दिव्यांना हे तेव्हाच कळतं. नेटचंही तसंच, रिकाम्या हॉटेलात वायफाय पळतंच, नव्वद माणसं प्रत्येकी दोन डिव्हाइस घेऊन आली की झोपतं. प्रेझेंटेशन्स सगळी पेनड्राइव्हवर, आणि बाहेरून कुणीतरी व्हिडिओवर बोलणार असेल तर त्याचं भाषण रेकॉर्ड करून आधीच मागवून घे.

सीझन संपल्यावरचा रेट चांगला असतो त्याला कारण असतं. काय काय बंद असेल ते विचार. रोपवे बहुतेक ठिकाणी गर्दी ओसरल्यावरच दुरुस्तीला काढतात, निम्मी रेस्टॉरंट्स कुलूप लावून गावाला जातात, हॉटेलचा स्टाफ पण कमी केलेला असतो आणि मग नव्वद माणसांना वाढायला सहा जण. तरी मी ऐन सीझनपेक्षा हाच काळ पसंत करेन, रस्ता मोकळा मिळतो आणि हॉटेलवाल्याला तुझी गरज असते. ऐन सीझनमध्ये डोंगरावर पाण्याचेही हाल होतात. शिमल्यात २०१८ च्या मे-जूनमध्ये पर्यटकांना 'येऊ नका' म्हणायची वेळ आली होती. त्यामुळे टाकी किती लिटरची, टँकर येतो का, हे सीझन कुठलाही असो विचारून घे.

आता ते ११ पानी ॲग्रीमेंट. त्यातल्या तीन-चार गोष्टी नीट वाच, बाकी भारदस्त भाषा आहे.

एक म्हणजे खोल्यांची हमी. नव्वद माणसं, दोघांना एक म्हणजे ४५ खोल्या, दोन रात्री, म्हणजे हॉटेलच्या भाषेत ९० रूम नाइट्स. कागदावर ८० टक्के हमी असेल तर ७२ चे पैसे तुम्ही देणारच, माणसं येवोत न येवोत. ऐनवेळी ६० च वापरल्या तर १२ चे पैसे हवेत गेले. सुरुवातीला ४५ नको, ३८-४० च धर आणि बाकीच्या अमुक तारखेपर्यंत त्याच रेटने मिळतील असं लिहून घे. ती तारीख बहुतेक तीन-चार आठवडे आधीची असते, ती तुझ्या फोनमध्ये दोन अलार्म लावून ठेव. जेवणाचीही अशीच कमीत कमी रक्कम असते, ती खोल्यांपेक्षा बारीक अक्षरात असते.

दुसरी गोष्ट, आणि डोंगरावर हीच सगळ्यात मोठी. नैसर्गिक आपत्तीचं कलम असतं, पण ते नीट वाचलं तर बहुतेक वेळा हॉटेल बंद पडलं तर पैसे परत असं असतं. डोंगरात हॉटेल बंद पडत नाही, रस्ता बंद पडतो. दरड येते, बर्फ पडतं, पूल जातो, आणि हॉटेलवाला वरून फोन करून सांगतो की आमच्याकडे दिवे चालू आहेत, खोल्या तयार आहेत, तुम्हीच आला नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या झरमॅटमध्ये बर्फ आणि हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले आणि १३ हजारांच्या आसपास पर्यटक वर अडकले, आणि ते तर जगातल्या सगळ्यात चोख व्यवस्थांपैकी एक. तर 'प्रशासनाने रस्ता बंद केल्यास' हे शब्द त्या कलमात घालायला लाव, पैसे परत किंवा तारीख बदलून. आणि उलटं पण, तुम्ही वर अडकलात तर जास्तीची रात्र त्याच रेटने मिळेल. हे शब्द घालायला हॉटेलने नकार दिला तर मी तरी दुसरं हॉटेल बघेन. रेट कितीही चांगला असो.

कॅन्सल केल्यावर किती दिवस आधी किती टक्के कापणार ते कोष्टक बघ, आणि त्या दिवशी हॉटेलात दुसरं काय आहे तेही विचार. शेजारच्या लॉनवर लग्न असेल तर तुमचं निर्णयाचं सेशन ढोल-ताशांच्या साथीने होईल.

लॉनवरच्या जेवणाचं मला तुझं मन मोडवत नाही पण मोडते. उंचीनुसार दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे खाली संध्याकाळी २५ असेल तर तुमच्याकडे ११-१२, आणि सूर्य गेला की थंड हवा वरून खाली सरकत येते ती नेमकी लॉनसारख्या सखल सपाट जागेत साचते. प्लेटमधलं दोन घासांत गार. त्याच लॉनवर दुपारचं जेवण ठेव ना, उन्हात. फक्त तिथलं ऊन फसवं असतं, हवा गार लागते पण वर गेल्यावर उन्हातली अतिनील किरणं दर हजार मीटरला दहाएक टक्क्यांनी वाढतात, टोपी आणि क्रीम आणा असं कळव, नाहीतर ग्रुप फोटोत सगळ्यांची नाकं लाल. संध्याकाळचं म्युझिक आत हॉलमध्ये, कारण रात्री लाउडस्पीकरला बऱ्याच ठिकाणी बंदी असते आणि दरीत आवाज कुठल्या कुठे जातो, जंगलाजवळ तर शेकोटीलाही परवानगी लागते. हॉटेलवाला 'आम्ही बघतो' म्हणाला की परवानगीचा कागद माग.

बाहेरचं काय ते सकाळी आणि हॉलमधलं काम दुपारी, असं कर. सगळे उलटं करतात. सकाळी हॉलमध्ये बसायचं आणि दुपारी चारला फिरायला निघायचं, तर उन्हाळ्यात आणि पावसाच्या आगेमागे डोंगरात दुपारीच ढग भरून येतात, विजा पण तेव्हाच. सकाळी ७ ते ९ चालायला न्या, जमेल त्याने चालावं, ज्यांना जमत नाही त्यांना गाडीने पॉइंटवर पोचवा, मग अंघोळ, नाश्ता आणि १० पासून तुमचे ते तीन प्रश्न. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, साहेबांचा ग्रुप फोटो राहिला असला तरी.

राहिलं घरच्यांना आणायचं. माझं मत, यावेळी नको. भावनेचा प्रश्न नाही, नव्वदचे दोनशे होतात, दोघांना एक ही खोल्यांची वाटणी मोडते, गाड्या दुप्पट, लहान मुलं घाटात, आणि आई-बाबा हॉलमध्ये असताना त्या मुलांचं आणि जोडीदारांचं दिवसभर काय करायचं हेही तुझ्याच गळ्यात. साहेबांना हवंच असेल तर मधला मार्ग आहे, मीटिंग संपल्यावर ज्यांना राहायचंय त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुढच्या दोन रात्री राहावं आणि घरच्यांना तेव्हा बोलवून घ्यावं. हॉटेलकडून त्या दोन रात्रींसाठी आपलाच रेट मागून घे, सीझन संपलेला आहे, खोल्या रिकाम्याच असतील, ते आनंदाने देतील. फक्त त्यांचं बुकिंग आणि बिल ज्याने त्याने परस्पर करायचं. त्यात तू पडू नकोस.

– ताई